जुन्या कार्टूनमधला डोंगर का थरथरतो?

'गर्टी द डायनोसॉर' हे १९१४ चं कार्टून आज इंटरनेटवर सहज मिळतं. ते लावा आणि गर्टीकडे न बघता तिच्या मागच्या डोंगराकडे बघा. डोंगर जागचा हलत नाही, पण स्वस्थही बसत नाही. त्याची रेघ सतत थरथरते. तलावाचा काठ, खडक, बाजूचं झाड, सगळ्यांचं तेच.

कारण साधं आहे. मागचं दृश्य एकदाच काढून त्यावर पात्र हलवायचं, ही सोय या कार्टूनला मिळाली नव्हती. गर्टीची प्रत्येक हालचाल नव्या कागदावर, आणि त्या प्रत्येक कागदावर तोच डोंगर आणि तोच तलाव पुन्हा नव्याने. गर्टी काढायचे विन्सर मॅके. डोंगर गिरवायचं काम जॉन फित्झसिमन्स या चित्रकलेच्या विद्यार्थ्याकडे होतं, आणि त्याने ते हजारो वेळा केलं. हात कितीही बसलेला असला तरी गिरवलेली रेघ मूळ रेघेपासून केसभर सरकतेच. कागदावर ती चूक दिसतही नाही. पडद्यावर ती कित्येक पटींनी मोठी होते, शिवाय दर चित्राला वेगळ्या बाजूला जाते. त्यामुळे डोंगर उकळत असल्यासारखा वाटतो.

त्याच कार्टूनमध्ये गर्टी एका जागी उभी असतानाही तिचं पोट वरखाली होत असतं, ती श्वास घेत असते. मॅकेंनी स्वतःचा श्वास मोजून तिच्या श्वासाची लय ठरवली होती. मॅके तिच्यावर रागावले की ती रडते, तहान लागल्यावर तलाव पिऊन संपवते, आणि पाय टाकला की जमिनीला तिचं वजन जाणवतं. पुढची पंधरा वर्षं बहुतेक कार्टूनवाल्यांना हे वजन जमलं नाही. डोंगर थरथरतो आणि गर्टी श्वास घेते, या दोन्हींचं मूळ एकच: सगळं हाताने काढलं, आणि घाई केली नाही. जुन्या कार्टूनचे गुणदोष असे जोडीनेच येतात, म्हणून त्यांची वेगवेगळी यादी करण्यात फारसा अर्थ नाही. ती कशी बनायची, ते पाहिलेलं बरं.

आधी थोडं गणित

३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. मूकपटांच्या काळात वेग ठरलेला नसायचा, पण सेकंदाला १६ चित्रं हा ढोबळ हिशेब धरला तर एक सेकंद म्हणजे एक फूट आणि एक मिनिट म्हणजे ९६० चित्रं. बोलपट आल्यावर वेग सेकंदाला २४ वर पक्का झाला आणि मिनिटाला १,४४० चित्रं लागू लागली. सात मिनिटांचं कार्टून म्हणजे १०,०८० चित्रं. तेवढी खरंच काढायची म्हटली तर कुठल्याही स्टुडिओचं दिवाळं निघेल.

म्हणून पहिली काटकसर: एकच चित्र दोनदा टिपायचं. अ‍ॅनिमेशनच्या धंद्यात याला आजही 'ट्वोजवर' काम करणं म्हणतात. फ्रान्सच्या एमिल कोल यांचं १९०८ चं 'फँटॅस्मागोरी' याचं नमुनेदार उदाहरण आहे. सुमारे ७०० चित्रं, प्रत्येक दोनदा टिपलेलं, म्हणजे १,४०० फ्रेम. त्याला १६ ने भागा, ८७ सेकंद येतात. चित्रपट जेमतेम तेवढाच आहे.

ट्वोजवर काम केलेलं डोळ्याला सहसा कळत नाही. फसतं ते दोन ठिकाणी. हालचाल फार जलद असली तर दोन चित्रांमधलं अंतर मोठं होतं आणि पात्र उड्या मारत गेल्यासारखं दिसतं. दुसरं म्हणजे, मागचं दृश्य दर फ्रेमला सरकत असेल आणि पात्र मात्र दर दोन फ्रेमला बदलत असेल, तर पाय जमिनीवर टेकलेले न वाटता बर्फावरून घसरल्यासारखे वाटतात. जुन्या कार्टूनमधल्या चालण्याच्या दृश्यात हे हमखास सापडेल.

फ्रेमगणिक थांबून टिपायची ही करामत आपल्याकडेही लवकर पोहोचली होती. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून ती पडद्यावर सलग दाखवली होती. पुढे १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी काड्या हलवून हलवून नाचवल्या. त्यात चित्रं काढलेली नाहीत, वस्तू हलवल्या आहेत, पण धीर तोच लागतो.

कोलची रेघ आणि तिचं स्वातंत्र्य

'फँटॅस्मागोरी' फळ्यावर खडूने काढल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात ती पांढऱ्या कागदावरची काळी रेघ आहे, फिल्म निगेटिव्ह छापल्यामुळे ती उलटी दिसते. त्याआधी १९०६ मध्ये अमेरिकेत जे. स्टुअर्ट ब्लॅकटन यांनी फळ्यावर खडूनेच चेहरे काढून, पुसून, पुन्हा काढून कॅमेऱ्यात टिपले होते. कोलनी तो खडूचा भास ठेवला आणि काम कागदावर केलं.

या चित्रपटात गोष्ट नाही. दारूच्या बाटलीचं फूल होतं आणि वस्तू एकमेकींत वितळत जातात. तज्ज्ञ मंडळी याला मोठी कल्पकता म्हणतात, आणि ती आहेच. पण त्यात सोयही मोठी होती. पात्राचा चेहरा शेवटपर्यंत तोच ठेवणं हे अ‍ॅनिमेशनमधलं सर्वांत किचकट काम आहे. एकामागून एक चित्रं सरळ काढत गेलं की डोकं नकळत मोठं होत जातं, कान वर सरकतात, आणि पन्नासाव्या चित्रात भलताच माणूस उभा राहतो. ज्याला सतत बदलायचंच आहे, त्याला ही अडचण नाही. मागचं दृश्य नाही, त्यामुळे डोंगर थरथरायचाही प्रश्न नाही. कोलनी आपल्या साधनांची मर्यादा ओळखून तिच्यात बसेल तेच काढलं. त्या काळातलं ते सर्वांत शहाणपणाचं कार्टून आहे असं माझं मत.

मॅकेंनी अवघड वाट धरली. पात्र तेच राहिलं पाहिजे म्हणून ते आधी हालचालीची दोन टोकं काढत, मग त्यांच्या मधोमध एक चित्र, मग उरलेल्या मधल्या जागा भरत. आजचं 'की फ्रेम' आणि 'इनबिटवीन' हेच. टोकं आधी पक्की झाल्याने डोकं वाढत जायची भीती उरत नाही. कागद एकावर एक नेमके बसावेत म्हणून ते कोपऱ्यांत फुल्या काढत. शिवाय काही हालचालींची चित्रं ते पुन्हा पुन्हा वापरत. गर्टी डोलते तेव्हा मोजक्याच चित्रांची फेरी चालू असते. अ‍ॅनिमेशनमधल्या 'सायकल'ची ही सुरुवात म्हणायला हरकत नाही.

खुंट्या, फाडलेले कागद आणि सेल

कोपऱ्यातल्या फुल्या जुळवणं एका माणसाला जमतं, वीस जणांच्या स्टुडिओला नाही. राउल बारे यांनी कागदाला भोकं पाडून ती टेबलावरच्या खुंट्यांत अडकवायची पद्धत आणली. ती आजही चालू आहे. फाइलच्या क्लिपसारखीच कल्पना, पण अचूकपणा फार जास्त लागतो. भोक किंचित सैल झालं, कागदाची कड फाटली किंवा दमट हवेने कागद फुगला, की सगळं पात्र एकदम थडथडतं. रेघेची थरथर आणि ही थडथड वेगळी ओळखता येते. थरथरीत प्रत्येक रेघ स्वतंत्र हलते, तर थडथडीत अख्खं चित्र एकत्र सरकतं.

बारेंच्याच स्टुडिओत 'स्लॅश' पद्धतही चालायची. समजा एक माणूस उभा आहे आणि फक्त हात हलवतो आहे. मग माणूस आणि मागचं दृश्य एका कागदावर काढायचं, हाताच्या जागी कागद कापायचा, आणि खाली फक्त हाताचे बदलते कागद ठेवत फ्रेम टिपायच्या. शरीर एकदाच काढावं लागतं, म्हणून ते अजिबात थरथरत नाही. मात्र कापलेल्या कडेची सावली पडू शकते, आणि हात कापलेल्या जागेबाहेर जाता कामा नये. म्हणून या पद्धतीच्या कार्टूनमध्ये पात्राभोवती मोठी पांढरी पोकळी दिसते. प्रेक्षकाला ते रिकामं वाटतं, पण तिथे कात्री फिरलेली असते.

खरा बदल झाला सेलमुळे. अर्ल हर्ड यांनी १९१४ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे जॉन रँडॉल्फ ब्रे यांच्याशी भागीदारी केली. पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावावर पात्र काढायचं, खाली एकदाच रंगवलेलं दृश्य ठेवायचं, वर काच दाबायची आणि फ्रेम टिपायची. रेघ सेलच्या वरच्या बाजूला शाईने, रंग मागच्या बाजूने. त्यामुळे रंगाचे फटकारे रेघेआड लपतात. धड एका सेलवर, हात दुसऱ्यावर, तोंड तिसऱ्यावर. जे हलतं तेच बदलायचं. डोंगर एकदाचा शांत झाला.

पण सेलचे आपले उपद्व्याप होते. सेल पूर्ण पारदर्शक नसतो, प्रत्येक थर थोडा उजेड खातो. तीन थरांखालचं धड आणि सगळ्यात वरचं तोंड एकाच राखाडी रंगात रंगवलं तरी वेगळं दिसतं. दृश्याच्या मध्ये एखादा सेल काढून टाकला तर पात्र अचानक उजळतं. उपाय म्हणजे थरांची संख्या कायम ठेवायची. गरज नसेल तिथे कोरा सेल घालायचा. शिवाय सेलवर धूळ आणि बोटांचे ठसे बसतात आणि ते कॅमेऱ्याला दिसतात. महाग म्हणून सेल धुऊन पुन्हा वापरले जायचे आणि प्रत्येक धुण्यात ओरखडे वाढायचे. त्या काळचे सेल नायट्रेटचे, म्हणजे झटकन पेट घेणारे, आणि वर्षं गेली की पिवळे पडून आक्रसणारे.

काही स्टुडिओंनी मधली वाट काढली. पात्र साध्या कागदावर आणि मागचं दृश्य त्याच्या वर, सेलवर. एकच सेल लागतो, खर्च वाचतो. यात घोळ असा, की दृश्यातली एखादी रेघ पात्राच्या अंगावरून जाऊ शकते. म्हणून पात्र जिथे वावरणार ती जागा मोकळी सोडायची. १९२० च्या दशकातल्या फेलिक्स मांजराच्या कार्टूनमध्ये क्षितिजाची रेघ, कुंपण, घर हे सगळं कडेकडेला का ढकललेलं असतं, याचं उत्तर हे आहे.

काळं मांजर

फेलिक्स पहिल्यांदा १९१९ मध्ये पडद्यावर आला. स्टुडिओ पॅट सुलिव्हन यांचा, काम मुख्यतः ऑटो मेसमर यांचं. फेलिक्स काळा का? भरीव काळ्या आकारात आतल्या रेघा काढाव्या लागत नाहीत. पोट, खांदा, केस यांची भानगडच नाही. पांढऱ्या दृश्यावर तो लांबूनही उठून दिसतो आणि मागच्या खुर्चीवरच्या प्रेक्षकालाही त्याची पोझ कळते. दोन आठवड्यांना एक कार्टून द्यायचं तर अशी बचत हवीच.

त्याची खरी ताकद मात्र वेगळी होती. तो रेघांच्या जगात राहतो आणि ते त्याला माहीत असतं. शेपटी उपटून तिची काठी करतो. बुचकळ्यात पडला की डोक्यावर प्रश्नचिन्ह उगवतं, तेच हातात घेऊन तो त्याचा अडकवायचा आकडा बनवतो. हा विनोद जिवंत नटाला जमूच शकत नाही. तिथे कार्टूनने सिनेमाची नक्कल सोडली आणि स्वतःचं काहीतरी केलं. तो नुसता फेऱ्या मारतो, हात पाठीमागे, मान खाली, आणि आपल्याला कळतं की विचार चालू आहे. तीही एक सायकलच. ठरावीक चित्रं फिरत राहतात आणि कलाकाराचा वेळ वाचतो. पण या फेऱ्यांनी पात्राला स्वभाव मिळाला. काटकसर आणि अभिनय एकाच ठिकाणी भेटण्याची अशी उदाहरणं फार नाहीत.

याच्या उलट टोकाला मॅक्स फ्लायशर यांचा रोटोस्कोप. माणसाची फिल्म घ्यायची, ती एकेक फ्रेम काचेवर मागून टाकायची आणि वरून गिरवायची. पेटंट १९१७ मध्ये मिळालं. भाऊ डेव्ह विदूषकाचे कपडे घालून नाचले आणि त्यांना गिरवून कोको नावाचं पात्र उभं राहिलं. हालचाल लोण्यासारखी मऊ. पण गिरवणाऱ्याने प्रत्येक फ्रेममध्ये बाह्यरेषा थोडी वेगळी पकडली, की आकृती तरंगते, हवेत लोंबल्यासारखी. आणि माणसाची हालचाल जशीच्या तशी कार्टूनवर आली की ती फिकी वाटते, कारण चित्रातल्या माणसाला थोडी अतिशयोक्ती लागतेच. फ्लायशर मंडळींनी म्हणूनच रोटोस्कोप जपून वापरला आणि बाकी काम हातावर ठेवलं.

रबरी हातपाय

१९२० च्या दशकाच्या शेवटाकडची कार्टून्स पाहिली की सगळ्यांचे हातपाय पाण्याच्या रबरी नळीसारखे दिसतात. कोपर नाही, गुडघा नाही. कोपर काढलं की ते प्रत्येक चित्रात योग्य जागी यावं लागतं आणि हाताची लांबी जपावी लागते. नळीला ते बंधन नाही. ती वाकते, ताणली जाते, आणि शिकाऊ माणसालाही मधली चित्रं भरता येतात. डोकं गोल, धड गोल, कारण गोलाला बाजू नसते, कुठूनही तो तसाच.

या शैलीला एक मजेदार लय आहे, सगळं जग सतत डोलत असतं. दोष हा की कशालाच वजन नाही. हत्ती आणि उंदीर सारख्याच हलकेपणाने नाचतात. कोणी उंचावरून पडलं तर भीती वाटत नाही, कारण हाडं नसलेल्याला लागणार काय? मग विनोदाला धार उरत नाही, फक्त उड्या उरतात. १९३० च्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओने हे ओळखलं. पेन्सिलच्या कच्च्या चित्रांची फिल्म काढून आधी हालचाल तपासायची, मगच शाई-रंगाला पाठवायचं, आणि कलाकारांना शरीररचनेचे वर्ग लावायचे, असं त्यांनी सुरू केलं. ती तपासणी नसताना चूक कळायची ती थेट तयार फिल्मवर, आणि तोवर पैसे खर्च झालेले असायचे.

आवाज आला तेव्हा

१८ नोव्हेंबर १९२८ ला न्यूयॉर्कच्या कॉलनी थिएटरात 'स्टीमबोट विली' लागलं. आवाज असलेलं हे पहिलं कार्टून नव्हे. फ्लायशर यांनी त्याच्या काही वर्षं आधी गाण्याच्या कार्टूनला आवाज जोडला होता. 'विली'चा फरक असा, की त्यात चित्र संगीताच्या मापाने कापलं होतं. सेकंदाला २४ फ्रेम असतील आणि चाल मिनिटाला १२० ठोक्यांची असेल, तर एका ठोक्याला बरोबर १२ फ्रेम येतात. मग पाऊल कोणत्या फ्रेमला टेकायचं, शिट्टी कोणत्या फ्रेमला वाजायची, हे कागद हातात घेण्याआधीच ठरतं. तबलजीने मात्रा मोजाव्यात तसं.

तरीही पहिल्या ध्वनिमुद्रणात वाद्यवृंद चित्राशी जुळेना, वाजवणारे पुढे-मागे होत राहिले. दुसऱ्या वेळी फिल्मवरच ठोक्याला उसळणारा चेंडू छापला आणि वृंद चालवणाऱ्याने तो बघत ताल धरला. तेव्हा जमलं.

आवाजाने वेळेची शिस्त आणली, हे त्याचं मोठं देणं. पण नंतरच्या दोन-तीन वर्षांत सगळेच संगीताच्या तालावर नुसते डोलू लागले, आणि फेलिक्ससारखं शांतपणे विचार करणारं पात्र मागे पडलं. 'विली'तही मिकी गाईचे दात वाजवतो, मांजराला शेपटीला धरून गरागरा फिरवतो, बदकाला दाबून सूर काढतो. त्या वेळी हशा पिकला होता. आज काही ठिकाणी हसू येतं, काही ठिकाणी नाही.

अजून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्या काळच्या अमेरिकी कार्टूनमध्ये काळ्या माणसांची, आशियाई लोकांची आणि ज्यूंची विद्रूप चित्रं सर्रास असत. जाड ओठ, भाबडेपणा, आळस, हे विनोदाचं ठरलेलं भांडवल होतं. मिकीचे पांढरे हातमोजे १९२९ पासून दिसतात. काळ्या अंगावर काळा हात दिसत नाही, म्हणून ते सोयीचेच होते. पण काळं तोंड, पांढरे हातमोजे हा वेश त्या काळच्या रंगमंचावर गोऱ्या नटांनी काळ्या माणसांची टवाळी करताना घातलेल्या वेशाशी जवळचा आहे. काळाचा प्रघात म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण हीच चित्रं पुढे अनेक वर्षं मुलांना दाखवली गेली. १९६८ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सने वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओची अशी ११ कार्टून्स टीव्हीवरून काढून घेतली.

गोष्टीच्या बाबतीत मात्र फार तक्रार नको. सहा-सात मिनिटांत, मुख्य सिनेमाआधीच्या वेळात, लोक खुर्च्या शोधत असताना गुंतागुंतीचं कथानक चाललंच नसतं. एक कल्पना, तिचे दहा प्रकार आणि शेवटी एक धक्का, ही घडण त्या जागेला बरोबर होती.

बघताना काय सांभाळायचं

तुमच्यासमोर आलेलं जुनं कार्टून मूळचंच आहे का, हे आधी पाहा. सेकंदाला १६ ने बनलेलं मूक कार्टून २४ ने लावलं तर ते दीडपट वेगाने धावतं. मग सगळी पात्रं उगाच घाईत वाटतात आणि आपण म्हणतो, जुनी कार्टून्स अशीच धडपडी. प्लेअरमध्ये वेग ०.७५ किंवा त्याहून कमी करून पाहा. पावलं माणसासारखी पडू लागली तर दोष कार्टूनचा नव्हता.

दुसरं, चौकटीची डावी कड बघा. मूक कार्टून पुढे आवाज जोडून पुन्हा विकलं गेलं, तेव्हा फिल्मवर ध्वनीच्या पट्टीला जागा हवी म्हणून डावीकडचा भाग कापला जायचा. पात्र सतत डावीकडे दबून उभं असेल किंवा शीर्षकाची अक्षरं डावीकडे तुटली असतील, तर अशी प्रत तुमच्यासमोर आहे.

तिसरं, रंग. १९६० च्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर काही काळ्या-पांढऱ्या कार्टूनची चित्रं टीव्हीसाठी नव्याने गिरवून रंगवली गेली. खर्च वाचवायला मधली चित्रं गाळली, म्हणून हालचाल तुटक झाली, आणि मागची दृश्यं सपाट झाली. १९३० च्या आसपासचं कार्टून रंगीत आणि धक्के खात चालत असेल तर त्यावरून मत बनवू नका, काळी-पांढरी प्रत शोधा. आणि 'गर्टी' शोधताना ज्या प्रतीत डोंगर नीट थरथरतो तीच घ्या. काही प्रतींमध्ये संगणकाने ती थरथर पुसली आहे, आणि तिच्याबरोबर फित्झसिमन्सचा हातही गेला आहे.